तारेवरच्या काचा

मामा,

तुमच्या काचांवरची धूळ मी अजून पुसलेली नाही. पुसायची की नाही, यावरचं आपलं भांडण अर्धवट टाकून तुम्ही निघून गेलात. आता मी एकटीच उरले म्हणून माझंच खरं करायचं, हे मनाला पटेना. परवा फडकं ओलं करून फळीपर्यंत गेले. पहिलीच हातात आली ती मांजरसुंब्याची मोरपंखी काच. तिच्या खाचेतली तांबूस माती बघितली आणि तुमचं बोलणं आठवलं, "माती पुसू नगं, वैशाली. ते तिचं सर्व्हिस बुक हाय." फडकं पिळून दोरीवर वाळत टाकलं.

तुम्हाला जाऊन आज एकोणीस दिवस झाले. पाहुणे गेले, मांडव उतरला, उसनी आणलेली पातेली ज्याची त्याला पोचली. तुमच्याबद्दल लोक पुष्कळ बोलले. तारखात्यातली नोकरी, गावाकडची शेती, भावकीतला कुठला तंटा तुम्ही कसा मिटवला, सगळं झालं. काचांचा विषय निघाला की मात्र सगळे नुसते हसायचे. "आण्णाला तेवढा एक नाद होता." मीही हसले. पण त्या नादात शेवटची सहा वर्षं मी तुमच्याबरोबर होते, आणि त्याबद्दल कुणीतरी नीट बोलायला हवं. म्हणून लिहायला बसले आहे. तुम्हाला वाचून दाखवायची सवय झाली आहे, तेव्हा हेही ऐका.

लग्न होऊन केजला आले त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट तुम्ही चारचौघांत किती वेळा सांगितलीत! हळदीकुंकवाला वाटी हवी होती. स्वयंपाकघरातलं काही माहीत नव्हतं, म्हणून ओसरीच्या फळीवरची एक सुंदर हिरवी काचेची वाटी घेतली आणि तिच्यात कुंकू भरलं. खाली ठेवली तर ती कलंडली. पुन्हा भरलं, पुन्हा कलंडली. नवी फरशी लाल झाली. मी रडायच्या बेतात होते आणि तुम्ही दारात उभे राहून म्हणालात, "पोरी, ती वाटी न्हाई. तिला बूड नसतंय. ती टोपी हाय, तारखांबाची."

मग कुंकू तसंच ठेवून तुम्ही मला समजावत बसलात. पूर्वी तारेचे खांब असायचे, खांबाला आडवी पट्टी, पट्टीवर उभ्या सळया, आणि प्रत्येक सळईवर ही जाड काचेची टोपी आट्यांवर फिरवून बसवलेली. टोपीच्या गळ्याशी खाच, त्या खाचेत तार बांधायची. तुम्ही म्हणायचात 'इन्सुलेटर'. आत्या म्हणायच्या 'काचा', आणि तो शब्द त्या असा उच्चारायच्या की ऐकणाऱ्याला वाटावं, घरात सगळीकडे फुटलेल्या काचाच पसरल्यात. सासऱ्यांना मामा आणि सासूला आत्या म्हणायची आपल्याकडची रीत. पण माझ्या खऱ्या मामाशी आणि आत्याशी मी आयुष्यात एवढं बोलले नसेन.

मोरपंखीची गोष्ट मला पाठ आहे. तुम्ही नोकरीत नवे होतात. अवकाळी वादळानं मांजरसुंब्याच्या घाटात लाइन पडली होती. तुम्ही खांबावर चढलात आणि वरची पट्टीच निखळली. पट्टी, तार, काच आणि तुम्ही, सगळे एकदम खाली मुरमावर. "माझं खांद्याचं हाड मोडलं, आन तिला टवका बी न्हाई उडाला!" ही तक्रार होती की कौतुक, हे मला कधी कळलं नाही. दवाखान्यात नेताना ती तुमच्या दुसऱ्या हातात होती म्हणे. पुढे लाइनी उतरवायचं काम निघालं. तारा गुंडाळून परत घेतल्या, खांब मोजून परत घेतले, आणि काचांबद्दल तुमचे साहेब म्हणाले, फुटल्या तर फुटू द्या. तुम्ही त्या फुटू दिल्या नाहीत. बहुतेक खांबांवर पांढऱ्या चिनी मातीच्याच असायच्या, त्या तुम्ही सोडल्या. रंगीत काचेची एखादी भेटली की ती डब्याच्या पिशवीत घरी यायची. नोकरी संपली तेव्हा फळीवर चाळीसच्या वर झाल्या होत्या. आणि मग, लोक देवदर्शनाला निघतात त्या वयात, तुम्ही लूना काढून जिल्हाभर उरलेल्या शोधत फिरायला लागलात.

कारण उरलेल्या होत्याच. लोकांनी त्या घरी नेल्या होत्या. कुणी बाजेच्या पायाखाली उलटी पुरून तिच्यात पाणी भरलं होतं, मुंग्या चढू नयेत म्हणून. कुणी मीठ भरडायला वापरत होतं. लिंबागणेशला एका घरी देवळीत निळी काच होती आणि तिला रोज फूल वाहत होते. ती मात्र तुम्ही मागितली नाहीत. बाहेर आल्यावर म्हणालात, "तिची बढती झालेली हाय. खाली कशाला आनायची?"

पण मी पुढचं आधी सांगते आहे. लिंबागणेशला मी कशी आले, ते आधी यायला हवं.

काचबिंदूचं निदान झालं तेव्हा डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली. बाजूचं दिसणं आधीच गेलेलं होतं, समोरचंही हळूहळू जाईल म्हणाले. औषध थेंबाथेंबानं उशीर करेल, गेलेलं परत आणणार नाही. घरी आल्यावर तुम्ही लूनाची किल्ली खिळ्याला अडकवलीत आणि महिनाभर कुणाशी धड बोलला नाहीत. हे दुकानातून आले की तुमच्याजवळ बसायचे, इकडचं तिकडचं काढायचे. तुम्ही नुसतं हूं म्हणायचात. मला तुमच्या डोळ्यांपेक्षा त्या किल्लीचं जास्त वाईट वाटायचं. ओसरीतून जाता-येता तुमचा हात सवयीनं खिळ्याकडे जायचा आणि परत यायचा.

शाळेत शिकवायला जायला माझ्याकडे स्कूटी होती. एका रविवारी सकाळी मी म्हणाले, "मामा, कुठं जायचं राहिलंय?"

"जायचं लई हाय. पन सुनंच्या मागं बसून?"

"मग काय झालं?"

"लोक काय म्हनतील?"

"म्हणतील, सुनेच्या मागं सासरा बसलाय. खरंच आहे ते."

आतून आत्या ओरडल्या, "जावा की! घरात बसून माजं डोस्कं खायापरीस गावाला चक्कर मारून या!"

तुम्ही उठलात. आणि आपण एसटी स्टँडसमोरून निघालो तेव्हा आरशात बघते तर काय, तुम्ही उपरण्यानं डोकं, नाक, तोंड सगळं गुंडाळून घेतलेलं, नुसता चष्मा बाहेर. टपरीवरचा तुमचा जुना सोबती लांबूनच ओरडला, "काय बे भानुदास, दरोडा टाकाया निगालास का?" तुम्ही गाठ आणखी आवळलीत. केजची हद्द संपल्यावर उपरणं सोडलंत. तिसऱ्या रविवारी ते अर्ध्या वाटेतच सुटलं. पाचव्या रविवारी तुम्ही त्याच टपरीपाशी मला थांबायला लावलंत आणि त्या सोबत्याला म्हणालात, "ही माझी सून. हिच्याएवढी गाडी तुझ्या पोराला बी येत न्हाई." त्या दिवशी मी पुढचे दोन खड्डे चुकवायचे विसरले.

सुरुवातीला तुम्हाला रंग दिसायचे. मग फक्त उन्हात दिसायला लागले. मग एक दिवस तुम्ही हातातली काच फिरवत राहिलात आणि हळूच विचारलंत, "कुठली हाय गं ही?" मी म्हणाले, "हिरवी."

"हिरवी म्हंजी कुठली हिरवी?"

मला सांगता येईना. तुम्ही चिडलात. "हरबऱ्याच्या घाट्यावानी का शेवग्याच्या पाल्यावानी? का शेवाळ धरल्यालं पानी?" मी ती उन्हात धरली, नीट बघितली, आणि म्हणाले, "घाटा. पण सुकत आलेला." तुम्ही मान हलवलीत. तिथून माझी शिकवणी सुरू झाली. पिवळी म्हटलेली चालायची नाही. उसाचा रस का काकवी, ते सांगावं लागायचं. निळी म्हटलं की कपड्यांना देतो त्या निळीचं पाणी, का जवसाचं फूल? मोरपंखीत हिरवं जास्त का निळं जास्त, यावर तर आपण एकदा नेकनूरपासून घरापर्यंत भांडत आलो. तुम्ही तुमच्या आठवणीतला रंग धरून बसला होतात आणि मी समोर दिसणारा. तेही भांडण तसंच राहिलं आहे. मामा, मला अजूनही वाटतं की तिच्यात निळं जास्त आहे.

तुमच्या या शिकवणीचा त्रास आता दुसऱ्यांना होतो. ब्लाऊजपीस घ्यायला गेले की दुकानदार कपाळाला हात लावतो. मी म्हणते, काकवीच्या रंगाचं दाखवा, अहो ही काकवी नाही, हा गूळ झाला.

शाळेत काचा न्यायला तुम्ही तयार नव्हता. "पोरं लई बेकार. गलोलीनं नेम धरून फोडायची. माजी निम्मी लाइन पोरांनीच खाल्ली." मी म्हणाले, मग तुम्हीच चला आणि त्यांना रागवा. आलात. वर्गात खुर्चीवर बसलात, मांडीवर तीन काचा, आणि रागवायचं विसरून गेलात.

"तार उघडी असती," तुम्ही त्यांना सांगितलंत. "लोखंडाच्या खांबाला चिकटली की निरोप खांबातनं खाली मातीत जातो. मग परळीत बसून कुनी कितीबी खटखट करू द्या, बीडला काय पोचत न्हाई. म्हनून मधी काच. काच निरोपाला खाली उतरू देत न्हाई."

एकानं विचारलं, "आजोबा, पाऊस आला तर? काच भिजणार की."

तुम्ही खूश झालात. "शाब्बास! म्हनून तिचा आकार बघ. छत्रीवानी. वरनं भिजती, आतून कोरडी."

एका मुलीनं विचारलं, निरोप कसले असायचे. तुम्ही मांडीवरची काच फिरवत म्हणालात, "बाळंतपनाचे. नोकरी लागल्याचे. कुनी गेल्याचे. आमाला ते कळायचे न्हाईत. आमचं काम वर चढून बगायचं. पन खांबाला कान लावला की गुनगुन यायची. वाऱ्याची हाय, ठावं होतं. तरी मी ऐकायचो." सुट्टी झाली तरी पोरं उठली नाहीत. घरी येताना तुम्ही म्हणालात, "एवढी बी वाईट नसत्यात पोरं." 

आता चकलांब्याचं सांगते. ते सांगितल्याशिवाय हे लिहिण्यात अर्थ नाही.

जांभळी काच तुम्हाला कधी मिळाली नव्हती. तरुणपणी परळीकडच्या लाइनीवर एकदा बघितली होती, उतरवायच्या आधी कुणीतरी ती नेली. तेव्हापासून तुमच्या मनात ती एक जागा रिकामी होती. फळीवरही तुम्ही रिकामी ठेवली होती. चुकून मी तिथं काडेपेटी ठेवली तरी उचलायला लावायचात. मग तुमच्या एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. चकलांब्याला आसाराम नावाच्या शेतकऱ्याच्या गोठ्यावर एक आहे, काळपट जांभळी दिसते, बघून या.

आपण गेलो. केजहून बीड, बीडहून गेवराई, पुढे जीप. तर आसारामच्या घराला कुलूप. दिवाळी झाली तशी नवरा-बायको ऊसतोडीला गेलेली. शेजारची म्हातारी म्हणाली, पट्टा पडल्यावर येतील, कारखाना बंद झाला की, उन्हाळ्यात. गोठ्यावर काच होती. मला उंचावर काहीतरी काळं दिसत होतं. तुम्हाला तेही दिसत नव्हतं. मी म्हणाले, शिडी आणून बघू का? तुम्ही म्हणालात, "घरधनी न्हाई तर हात लावायचा न्हाई." सहा महिने तुम्ही थांबलात. त्या सहा महिन्यांत उरलासुरला उजेडही बराच गेला.

उन्हाळ्यात पुन्हा गेलो. आसाराम आणि त्याची बायको दोघं घरी होती, दोघांचेही हात उसानं चिरलेले. चहा झाला. "घेऊन जावा की आण्णा, आमाला काय करायची?" म्हणत त्यानं गोठ्याला शिडी लावली आणि काच फिरवून काढून माझ्या हातात दिली. धूर, शेण आणि किती वर्षांची धूळ यांचा तिच्यावर थर बसला होता. मी हौदावर गेले. आसारामची बायको तांब्यानं पाणी ओतत होती, मी चोळत होते. तुम्ही मागे बाजेवर, तोंड आमच्या दिशेनं वर करून बसला होतात. काळं निघालं. खालून पांढरी स्वच्छ काच आली. पाण्याच्या ग्लाससारखी.

"काय हाय?" तुम्ही विचारलंत.

"पांढरी आहे, मामा."

"नीट बग."

"बघितलं."

"उनात धर."

"धरलीय मामा. पांढरीच आहे."

तुम्ही हात पुढे केलात. मी काच दिली. तुम्ही ती रुमालात बांधलीत, आसारामचे आभार मानलेत, आणि केजला येईपर्यंत एक शब्द बोलला नाहीत. पुढचे तीन दिवसही नाही. चौथ्या दिवशी सकाळी मी तुमच्या डोळ्यांत औषध घालत होते. तुम्ही वर बघत म्हणालात, "तू जांबळी म्हनली असतीस तर मला कळलं नसतं."

मी दुसरा डोळा उघडून धरला.

"पन पुढं कदी कळलं असतं, तर आजवर तू सांगितलेले समदे रंग मला परत तपासावे लागले असते. आन तपासू कशानं? बरं केलंस."

मामा, ती शाबासकी मी घेतली. दोन वर्षं ती माझ्याजवळ आहे आणि ती माझी नाही. आज खरं सांगते. 'जांभळी' हा शब्द माझ्या जिभेवर आला होता. तो सगळा तुमच्यासाठी होता असंही नाही. परतीचा चार-पाच तासांचा रस्ता मला तुमच्या आनंदात काढायचा होता. मी म्हणणारच होते. पण आसारामची बायको तांब्या घेऊन शेजारी उभी होती. तिनं ती काच बघितली होती. तिच्यासमोर खोटं बोलायची मला लाज वाटली, एवढंच. ती तिथं नसती तर मी तुम्हाला फसवलं असतं. हे त्या सकाळी सांगायला हवं होतं. तुमच्या डोळ्यात थेंब पडला, तुम्ही पापणी मिटलीत, आणि मी ड्रॉपरचं झाकण लावत बसले. त्यानंतर मात्र एकही रंग मी अंदाजानं सांगितला नाही. ढग असले तर ऊन पडेपर्यंत थांबायला लावलं तुम्हाला. तुम्ही म्हणायचात, किती वेळ लावतीस! त्याचं कारण हे होतं.

त्या पांढऱ्या काचेवरून आणखी एक भांडण झालं. तुमचे कुणी जुने इन्स्पेक्टर म्हणायचे की पांढरी काच पुष्कळ वर्षं उन्हात राहिली की आपोआप जांभळी होते. मी म्हणाले, काच काय वांगं आहे का पिकून रंग धरायला? मग फोनवर शोधलं तर ते काही जुन्या काचांच्या बाबतीत खरं निघालं. काचेत काय घातलंय त्यावर असतं म्हणे. तुम्ही एवढे हसलात की ठसका लागला. गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी ती तारेनं बांधून टाकली, वानरांनी नेऊ नये म्हणून. दर रविवारी तुमचा प्रश्न, "आली का जांबळट?" आणि दर रविवारी माझं उत्तर, "नाही." माझ्या मते एवढी वर्षं गोठ्यावर राहून जी बदलली नाही ती आता काय बदलणार? तुमच्या मते वरच्या धुरामुळे तिला ऊन लागलंच नव्हतं, तिचा हिशेब आत्ता कुठं सुरू झाला. ती अजून तिथंच आहे. पांढरी आहे. आणि तुम्ही कधी निराश झाला नाहीत, हे मला आठवतं. "तुज्या नातवाला दिसंल," म्हणायचात आणि चहा मागायचात.

तुम्ही गेलात तेही तसंच, फारशी कुणाला तोशीस न देता. दुपारी भाकरी आणि मेथीची भाजी खाऊन ओसरीवर आडवे झालात, आत्या चारला चहा घेऊन आल्या तर हाक ऐकायला तुम्ही नव्हता. मला खूप रडू आलं. पण खरं सांगायचं तर आत कुठेतरी बरंही वाटलं. तुमचं काही राहिलं असं मला वाटलं नाही. राहिलंय ते सगळं आपल्या भांडणांतलं.

आता गेल्या रविवारी काय झालं ते ऐका. तुमचा फोन अजून चालू आहे, तो माझ्याकडे असतो. सकाळी एक फोन आला. नेकनूरच्या अलीकडच्या वस्तीवरून कुणी शेतकरी होता. "आण्णा हायत का? जुनं घर पाडाया लागलोत. माळ्यावर एक काच घावली, खांबावरची. त्यांनी मागं सांगून ठेवलं होतं."

मी सांगितलं, आण्णा गेले. मग तो म्हणाला, "अरारा. लई वाईट झालं. मग ऱ्हाऊ द्या आता." मीही म्हणाले, हो, राहू द्या.

आत्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कावून ऱ्हाऊ द्या?"

"आता कशाला, आत्या?"

"येतो म्हनून सांग त्याला. मी बी येते."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. सूप बाजूला सारून त्या उठल्या, लुगडं बदललं, पायात चपला घातल्या. शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, "अहो, महिना बी झाला न्हाई. बाहीर पडायचं का?" आत्या म्हणाल्या, "ज्यांचं दुक करायचं त्यांच्याच कामाला चाललेय." आणि माझ्या मागे बसल्या. आयुष्यात पहिल्यांदा स्कूटीवर. माझ्या खांद्यात त्यांची बोटं रुतली होती आणि दर वळणावर त्या देवाचं नाव घेत होत्या. पाचसहा किलोमीटर गेल्यावर बोटं सैल झाली. दहा किलोमीटरनंतर म्हणाल्या, "ती म्होरली जीप लई हळू चाललीय. काढ की म्होरं."

मामा, त्या घरी काय झालं ते तुम्ही बघायला हवं होतं. तुम्ही कुठेही गेलात की आधी खांब, तार, खातं यावर अर्धा तास बोलायचात आणि समोरचा जांभया द्यायला लागायचा. आत्यांनी ओट्यावर बसल्या बसल्या घरच्या म्हातारीला विचारलं, "तुमचं माहेर कुठलं?" तिचं माहेर धारूरकडचं निघालं, आत्यांच्या मावशीच्या गावाशेजारचं. मग मावशी निघाली, मावशीची जाऊ निघाली, कुणाच्या लग्नात कुणी रुसलं होतं ते निघालं. जेवल्याशिवाय सोडेनात. काच कुणाच्या लक्षातही नव्हती. निघताना म्हातारीनंच ती आणून आत्यांच्या पदरात घातली, वर शेराभर तूरडाळ बांधून दिली. शिवाय सांगितलं, माझ्या लेकीच्या गावाला असली एक आहे, दिवा झाकायला वापरतात, माझं नाव सांगा.

परतीच्या वाटेवर आत्यांनी माझा खांदा धरला नाही, आरशात त्यांची मान खाली दिसत होती. पदरातली काच दोन्ही हातांनी धरलेली. मला वाटलं, रडत असतील. गाडी बाजूला घेऊ का, विचारलं.

"नगं," म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, वाऱ्यात अर्धं उडून जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "एवढी वर्सं झाली बग. लूनावर गेले, एसटीनं गेले, तुज्या मागं बसून गेले. मला एकदा बी इचारलं न्हाई, येती का म्हनून."

"तुम्ही तर काचा काचा म्हणून ओरडायचात, आत्या."

"मग? घरी बसवलेलं मानूस वरडंल न्हाई तर काय करंल?"

मी नेहमी तुमची बाजू घ्यायचे, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशी मला ती घेता आली नाही. आणि मलाही सहा वर्षांत त्यांना विचारायचं सुचलं नव्हतं. तेव्हा चूक तुमच्या एकट्याची नाही, अर्धी माझ्या नावावर घालते.

केज जवळ आलं. पेट्रोल पंपापाशी गाडी थांबवली आणि मागे वळून म्हणाले, "आत्या, त्या म्हातारीच्या लेकीचं गाव फार लांब नाही. पुढच्या रविवारी येता का?"

आत्यांनी पदर नीट केला. "येते की," म्हणाल्या. "इचारल्यावर न्हाई कावून म्हनीन?"